एकशे त्रेचाळीसचा पुकारा

करुणानं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही.

अगदी काहीच नाही असं नाही. पडद्यावरच्या बोटभर निळ्या चौकटीतला एकशे बेचाळीस गेला आणि तिथं एकशे त्रेचाळीस आला. पण त्यासरशी जी घंटा वाजायची ती वाजली नाही. वरचा ताटाएवढा आकडा बदलायचा, तो बदलला नाही. खालच्या यादीत एक ओळ वाढायची, ती वाढली नाही. काटा-ऑफिसच्या खिडकीबाहेर, उसाच्या गाड्यांनी भरलेल्या आवारात, खांबाला बांधलेल्या टीव्हीवर हेच पान दिसत होतं, आणि त्यावरचा एकशे बेचाळीस बंद पडलेल्या घड्याळासारखा निवांत होता.

"दाबलंस का?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"दाबलं, साहेब."

"मग परत दाब की."

"परत दाबलं तर एकशे चव्वेचाळीस होईल. त्रेचाळीसवाल्यांचा नंबर जाईल."

एकशे त्रेचाळीसचं टोकन बनाबाईच्या मुठीत होतं. ती ऊसतोडीच्या टोळीतली बाई, पहाटेपासून बैलगाडीच्या जुवाला टेकून टीव्हीकडं बघत उभी होती. असा नुसता आकडा दाखवणारा टीव्ही तिनं आजवर पाहिला नव्हता. तरी गाणी कधी लागतील हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

ऑफिसात चेअरमन आप्पासाहेब खुर्चीत होते. चार संचालक त्यांच्या मागं, हातात चहाचे कप धरून, आप्पासाहेबांचा चेहरा कुठं वळतो ते बघत होते. आप्पासाहेबांचा पुतण्या युवराज संगणकाशेजारी उभा होता; पान त्यानं बनवलं होतं. दाराशी सावळाराम होता, सवयीनं हातात माइक धरून. आणि भिंतीकडच्या बाकावर, धुतलेल्या धोतरात आणि इस्त्रीच्या सदऱ्यात, दोन्ही हात मांडीवर ठेवून करुणाचे आजोबा बसले होते.

आल्या आल्या आप्पासाहेबांनी त्यांना हटकलं होतं.

"काय ज्ञानू, नातीचं बघाय आलास व्हय?"

"मी सभासद म्हणून आलोय, आप्पासाहेब," आबा म्हणाले होते. "नात हितं कामाला आलीया."

आबांचा तीन एकर ऊस याच कारखान्याला जातो आणि शेअरचा दाखला त्यांनी काचेच्या चौकटीत लावलेला आहे, बाबासाहेबांच्या फोटोच्या खाली, बुद्धाच्या तसबिरीच्या बरंच खाली.

कारखान्यात इंटरनेट नव्हतं. ही एकोणीसशे अठ्ठ्याण्णवची गोष्ट. त्या बाजूला पावसाळ्यात साधा फोन लागला तरी लोक एकमेकांना सांगायचे. पण आप्पासाहेब उन्हाळ्यात कुठल्याशा परिषदेला जाऊन आले होते आणि आल्यावर संचालक मंडळानं एकमतानं ठराव केला की कारखान्याला वेब पाहिजे. ठराव झाला म्हटल्यावर वेब आणणं भागच होतं. तेव्हा इंटरनेटशिवायचं वेबपान तयार झालं, एकाच संगणकावर राहणारं, आणि त्याला कामही दिलं गेलं: आवारातल्या गाड्यांचे नंबर पुकारण्याचं.

आजवर ते काम सावळाराम भोंग्यावरून करत असे. तो मोजण्यात कधी चुकत नसे. फक्त त्याच्या मोजणीत एक, दोन, तीन, साडू, चार असा क्रम असे. टोळीतली माणसं गाडीखाली डोळा लागला म्हणून नंबर गेला असं समजत, आणि सावळारामही त्यांची ती समजूत मोडत नसे.

आप्पासाहेबांनी शब्द दिला होता. आज हे चाललं तर उद्यापासून सगळ्या हंगामाला हेच, आणि करुणा संगणक विभागात कायम. नाही चाललं तर माइक सावळारामच्या हातात होताच.

करुणा बारामतीत भिगवण रस्त्यावरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. पानावर बसवायचा तो निळ्या चौकटीचा भाग तिनं केला होता; त्या धंद्यात त्याला कंट्रोल म्हणतात. तिचा पहिला कंट्रोल फार कष्टाळू होता. नंबर आला की तोच घंटा वाजवायचा, तोच मोठा आकडा बदलायचा, तोच यादी लिहायचा. पण कारखान्याचं मन दर आठवड्याला बदलायचं. घंटा नको, भोंगा हवा. भोंगा नको, घंटाच बरी. आकडा लाल नको, मागच्या निवडणुकीत लाल रंग लाभला नव्हता. प्रत्येक वेळी करुणानं बारामतीहून एसटीनं यायचं, कंट्रोलचं पोट उघडायचं, शिवायचं आणि परत जायचं. तिसऱ्या खेपेला कंडक्टरनं तिला विचारलं, "कोण हाय ओ दवाखान्यात?"

मग एका रविवारी ती घरी अंगणात बसली होती. आबा बियाण्यासाठी भुईमूग निवडत होते. तिनं आपली रडकथा सांगितली आणि आबांनी हात न थांबवता विचारलं,

"समदं त्यो एकटाच करतुया व्हय?"

"हो."

"मंग त्यो मरंल." त्यांनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. "आमी पुकारा करायचो तवा घराघरात शिरत न्हवतो. चावडीम्होरं एकदा, पारावर एकदा, येशीत एकदा. हाक दिली की आमचं काम झालं. ऐकून कुणी बैल सोडला, कुणी अर्ज लिवला, कुणी कूस बदलून झोपला. ज्येचं त्यो बघंल."

करुणा शेंगांकडं बघत राहिली.

"म्हणजे फक्त हाक द्यायची."

"नुसती दिऊन भागतंय का? कुणाचं काय हाय त्ये हाकेसंगं द्यावं लागतंय. नुसतं 'ऐका हो' म्हणून म्होरं गेलं तर गाव भांबावतं. मंग समदी माझ्याच मागं, काय झालं, काय झालं."

त्या दिवशी भुईमूग अर्धाच निवडून झाला. करुणा दुपारच्या गाडीनं बारामतीला गेली आणि क्लासचं कुलूप उघडून बसली. तिनं कंट्रोलच्या पोटातून घंटा काढली, मोठा आकडा काढला, यादी काढली. राहिलं एवढंच: नंबर आला की त्यानं 'नंबर आला' अशी हाक द्यायची, आणि हाकेसोबत कितवा नंबर आणि कुठला काटा, हे द्यायचं. अशी हाक त्या यंत्रात तयार मिळत नव्हती. क्लिकची होती, माऊस हलल्याची होती, टाइप केल्याची होती. जगात कुठंही होणाऱ्या गोष्टींच्या हाका होत्या. ऊस काट्यावर आल्याची नव्हती. ती तिनं स्वतः घडवली. मग पानावर घंटेला, आकड्याला आणि यादीला वेगवेगळं सांगितलं, की अमुक जण 'नंबर आला' म्हणाला की तुम्ही आपापलं काम करायचं. आता कारखान्याला घंटेचा भोंगा करायचा झाला तर खुशाल करावा. कंट्रोलला त्याची गंधवार्ताही लागणार नव्हती.

हे जमलं त्या आठवड्यात तिनं आबांना सांगितलं. आबांनी ऐकलं, मान हलवली.

"झ्याक. फकस्त त्येला दवंडी म्हनू नगंस."

"का, आबा?"

"दवंडी दुसऱ्याची असती. तोंड आपलं, शबूद पाटलाचं. म्हणून तर सोडली."

सोडली ती सत्तावन्न साली. आदल्या वर्षी आबांनी दीक्षा घेतली होती आणि नवं साल लागताच गावकीची सगळी कामं एका दमात बंद केली. दवंडीही. गावानं ते फारसं मनावर घेतलं नाही. एक माणूस ओरडायचा थांबला तर गावाचं काय अडतं, असं सगळ्यांचं मत पडलं. पुढच्याच महिन्यात कालव्याच्या पाण्याचे अर्ज घ्यायला साहेब आला. सकाळी सातला तो चावडीत कागद मांडून बसला आणि दुपारपर्यंत एकटा बसून राहिला. घरोघर अर्ज भरायला माणसं तयार होती, अंगठे तयार होते. हाकच गेली नव्हती. दुपारी पाटलांनी आपल्या बारा वर्षांच्या मुलाला घराघरांत सांगायला पळवलं. तो निम्म्या गावापर्यंत पोचला, तोवर साहेबानं दप्तर बांधलं होतं. त्या साली निम्मं गाव पाण्याविना राहिलं आणि सगळ्या गावाला कळलं, की ते इतकी वर्षं कुणाच्या आवाजावर चाललं होतं.

तो बारा वर्षांचा मुलगा आता चेअरमनच्या खुर्चीत बसून घंटेची वाट बघत होता.

"मॅडम, तुमचा कंट्रोलच गंडलाय," युवराज म्हणाला. "माझं पान काल संध्याकाळपर्यंत ओके होतं."

एका संचालकानं मान हलवली. मग आप्पासाहेबांनी हलवली नाही हे बघून त्यानं ती मानेखालचा घाम पुसण्यात वळती केली. दाराशी सावळारामनं माइकमध्ये हळूच फुंकर मारून पाहिली. बाहेर आवारात ती वाऱ्यासारखी ऐकू आली.

करुणानं आबांकडं पाहिलं नाही. तिला माहीत होतं ते तसेच बसले असतील, हात मांडीवर. निळ्या चौकटीत आकडा बदलला होता, म्हणजे हाक गेली होती. इतकं तिला दिसत होतं. तिनं पानाचं पोट उघडलं. पांढऱ्या खिडकीत बारीक अक्षरांच्या ओळी आल्या आणि ती एकेका ओळीवर बोट ठेवत खाली आली. अर्ध्यावर बोट थांबलं.

मग तिनं युवराजकडं पाहिलं. युवराज पंख्याकडं बघत होता.

त्या भागात एसटीच्या थांब्यावर नाव असतं, पाण्याच्या टाकीवर असतं, स्मशानातल्या बाकावरसुद्धा असतं. युवराजनं कंट्रोलच्या नावाचंही तेच केलं होतं. काल संध्याकाळी, सगळे गेल्यावर, चांगल्या मनानं, काकांना आवडेल म्हणून. फक्त ते नाव ज्या एका ठिकाणी ठळक दिसतं तिथंच त्यानं बदललं होतं. पाट्या रंगवताना तेवढं पुरतं.

करुणाला दोन गोष्टी करता येण्यासारख्या होत्या. "यंत्राचं काहीतरी झालंय" असं म्हणून गुपचूप दुरुस्त करता आलं असतं; मग गंडला तो तिचा कंट्रोल, आणि तो गंडतो हे चार संचालकांना कायमचं लक्षात राहिलं असतं. नाहीतर खरं सांगायचं. चेअरमनच्या तोंडावर, त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच नावानिशी.

"काय झालंय, बाय?" आप्पासाहेब म्हणाले. "बोल की. का तुजी बी घंटा बंद पडली?"

संचालक हसले.

"कंट्रोलनं हाक दिली आहे, साहेब. ऐकली कुणी नाही."

"का बरं?"

"कालपर्यंत कंट्रोलचं नाव वेगळं होतं. काल कुणीतरी बदललंय." तिचं बोट अजून त्याच ओळीवर होतं. "आता त्याचं नाव आप्पासाहेब आहे."

आप्पासाहेबांचा चेहरा क्षणभर खुलला. पुतण्याकडं त्यांनी कौतुकानं पाहिलं.

"असं व्हय?"

"हो. आणि आप्पासाहेब मघापासून हाका देतायत. पण इथं आप्पासाहेबांचं कुणी ऐकत नाही."

पलीकडं गव्हाणीत उसाच्या मोळ्या पडत होत्या. चारही संचालकांना आपापल्या कपात एकाच वेळी काहीतरी दिसलं. युवराजचे कान लाल झाले. भिंतीकडच्या बाकावर आबांनी एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवला.

आप्पासाहेबांनी पडद्याकडं पाहिलं.

"घरात कुणी ऐकत न्हाय त्ये ठावं हाय मला," ते म्हणाले. "हितं बी न्हाय?"

पहिला संचालक हसला, मग दुसरा. मग परवानगी मिळाल्यासारखे सगळेच. सावळाराम तर माइकमध्येच हसला आणि आवारातल्या बैलांनी कान टवकारले.

"मंग ही घंटा आन् ह्यो आकडा," आप्पासाहेबांनी चष्मा काढून पुसला, "ही मंडळी ऐकत्यात तरी कुणाचं?"

करुणानं पडदा त्यांच्याकडं वळवला आणि बोट ठेवलं.

"इथं आहे, साहेब. वाचा ना."

आप्पासाहेब पुढं वाकले. इंग्रजी अक्षरं ते बी-बियाण्याच्या पिशव्यांवरून वाचत आले होते, त्यामुळे घाई करत नसत. एकेक अक्षर ओठांनी जुळवत, शाळेतल्यासारखं मोठ्यानं त्यांनी वाचलं.

"ज्ञा... नू..." ते थांबले. बोट सरकलं. "...राव."

संचालकांच्या माना भिंतीकडच्या बाकाकडं वळल्या.

"ज्ञानूराव," आप्पासाहेबांनी पुन्हा एकदा, सलग वाचून बघितलं. आयुष्यभर ज्याला नुसत्या ज्ञानूवर भागवलं होतं त्या माणसाकडं त्यांनी वळून पाहिलं नाही. "तीन टायमाला लिवलंय की गं."

"तिघं ऐकणारे आहेत, साहेब. घंटा, आकडा आणि यादी. कुणाचं ऐकायचं ते प्रत्येकाला वेगळं सांगावं लागतं."

ते नाव ठेवताना आपण फारसा विचार केला नव्हता, यंत्रानं नाव मागितलं आणि बोटांखाली आलं ते टाइप केलं, असं करुणा पुढं कितीतरी वर्षं सांगत असे. ते खरं नाही. नाव ठेवायला तिला एक दुपार लागली होती, आणि आबांना विचारायची हिंमत शेवटपर्यंत झाली नव्हती. आताही तिनं बाकाकडं बघायचं टाळलं.

"मॅडम," युवराज घसा साफ करून म्हणाला, "चूक झाली ती झाली. मी म्हणतो जुनंच नाव घालू. फक्त ते 'राव' उडवू. टाइपिंग वाचतं."

"नाही चालणार, युवराजदादा."

"का?"

"ऐकणारे पूर्ण नावाला कान लावून बसलेत. अर्ध्या नावाची हाक त्यांच्यापर्यंत पोचत नाही."

हे तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर होतं. तिनं ते एखाद्या नापास मुलाला शिकवावं तशा सुरात सांगितलं.

आप्पासाहेब खुर्चीत मागं रेलले. उजव्या पायाची चप्पल त्यांनी काढली आणि घोटा चोळला.

"सत्तावन साली," ते कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाले, "पायाला ह्ये एवढं फोड आलं हुतं माझ्या. निम्मंच गाव झालं." मग युवराजकडं बघून, "बाजूला सर. पोरीला काम करू दे. हाय त्येच नाव घालायचं. सगळं."

करुणानं ते ठळक नाव पुसलं आणि तिथं पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर करून. पान बेचाळीसपासून नव्यानं उघडलं. मोठा आकडा एकशे बेचाळीस. निळी चौकट एकशे बेचाळीस. तिनं बटण दाबलं.

घंटा वाजली. खांबावरच्या टीव्हीत ताटाएवढा एकशे त्रेचाळीस उमटला. यादीत एक ओळ वाढली. आवारात बनाबाईनं मूठ उघडून टोकन बघितलं, टीव्ही बघितला, परत टोकन बघितलं, आणि मध्ये कुणाचा साडू येतोय का म्हणून दोन्ही बाजूंना पाहिलं. कुणी आलं नाही. तिनं बैलांच्या वेसणीला हात घातला आणि गाडी काट्यावर आणली.

"आलं की!" एक संचालक म्हणाला, जणू त्यानंच दाबलं होतं.

सावळारामनं माइक टेबलावर ठेवला. वायर गुंडाळली. ती नीट गुंडाळली, हे करुणाच्या लक्षात आलं, आणि त्याला गाड्या लावून द्यायच्या कामावर घ्यायला सांगायचं असं तिनं मनात ठरवलं.

एकशे चव्वेचाळीस गेला, पंचेचाळीस गेला. सत्तेचाळीसला आप्पासाहेबांनी स्वतः बटण दाबायला मागितलं आणि घंटा वाजल्यावर त्यांचा चेहरा पुन्हा बारा वर्षांचा झाला. मग चहाची दुसरी किटली आली. शिपाई कप भरत बाकापर्यंत आला आणि द्यावा की नाही या विचारात आप्पासाहेबांकडं बघत थांबला.

आता करुणानं आबांकडं पाहिलं. ते खिडकीतून टीव्हीकडं बघत होते. चेहऱ्यावर विशेष काही नव्हतं. फक्त पाठ एरवीपेक्षा भिंतीपासून चार बोटं लांब होती.

आप्पासाहेबांनी खुर्ची वळवली.

"ज्ञानूराव," ते म्हणाले. "च्या घेणार न्हवं?"

आबांनी ओ दिली नाही.

त्यांचे कान चांगले होते. घरात मांजर चुलीजवळून गेलं तरी त्यांना ऐकू येई. शिपाई किटली धरून उभा राहिला. संचालक पुन्हा कपात बघू लागले. बाहेर घंटा वाजली आणि एकशे अठ्ठेचाळीसची गाडी हलली.

आप्पासाहेब थोडं थांबले. मग खुर्चीतून जरासे उठून, चावडीपासून वेशीपर्यंत जाईल अशा आवाजात त्यांनी दुसऱ्यांदा हाक दिली.

"ज्ञानूराव!"

"ओ," आबा म्हणाले, आणि कपासाठी हात पुढं केला.